टी आणि बी पेशींवाचून स्मृती : जन्मजात लसीकापेशींविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जन्मजात लसीकापेशींवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात असे म्हटले होते की रोगप्रतिकाराची स्मृती ही केवळ टी आणि बी पेशींची मक्तेदारी नाही. ज्या लसीकापेशींना आपण ‘जन्मजात’ म्हणून वेगळे काढतो, त्यांच्यातही पहिल्या अनुभवाचा ठसा उरू शकतो आणि दुसऱ्या वेळी त्या अधिक जोमाने काम करू शकतात. या विधानावर बरीच पत्रे आली. काहींनी शंका घेतली आहे, तर काहींनी आपल्या घरातील आजारपणाशी त्याचा संबंध जोडून विचारले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे. उत्तरे देताना उंदरांमध्ये काय आढळले आणि माणसांमध्ये काय आढळले, हे शक्यतो प्रत्येक ठिकाणी वेगळे सांगितले आहे, कारण या विषयातील बहुतेक गैरसमज या दोहोंच्या सरमिसळीतून निर्माण होतात.

प्रश्न : जन्मजात प्रतिकारशक्तीला स्मृती नसते, असे आम्हाला महाविद्यालयात शिकवले जाते आणि परीक्षेतही तसेच लिहावे लागते. मग पाठ्यपुस्तक चुकीचे आहे का?

उत्तर : पाठ्यपुस्तकातील विधान ज्या तर्कावर उभे आहे, तो तर्क आधी पाहू. टी आणि बी पेशी घडत असताना ‘रॅग’ नावाची विकरे त्यांच्या ग्राहींच्या, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या, जनुकांचे तुकडे तोडतात आणि नव्या क्रमाने जोडतात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पेशीच्या वाट्याला वेगळा ग्राही येतो. एखादा जंतू शरीरात शिरला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी झपाट्याने वाढतात, काम संपल्यावर त्यांतील बहुतेक मरतात आणि थोड्या उरतात. या उरलेल्या पेशी म्हणजेच स्मृती. जन्मजात लसीकापेशींमध्ये ग्राहींची अशी जुळवाजुळव होत नाही. नैसर्गिक मारक पेशी, पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या गटातील आयएलसी (जन्मजात लसीकापेशींच्या इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप) आणि लसीका-ऊतकांची उभारणी सुरू करणाऱ्या पेशी, असे त्यांचे पाच प्रकार 2018 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात मानले जातात, आणि या पाचही प्रकारांतील पेशी जन्मतः मिळालेल्या ठरावीक ग्राहींवरच काम भागवतात. निवडायला वैविध्य नाही, म्हणून निवड नाही, आणि निवड नाही म्हणून स्मृती नाही, असा तो तर्क होता. तो सुसंगत होता. त्याची प्रत्यक्ष परीक्षा मात्र बराच काळ कोणी घेतली नव्हती.

ती परीक्षा 2006 मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील उलरिख फॉन आंद्रियान यांच्या गटाने घेतली. प्रयोग समजून घेण्यासारखा आहे. ज्या उंदरांमध्ये रॅग विकर नाही, म्हणजेच टी आणि बी पेशी मुळीच नाहीत, अशा उंदरांच्या पोटाच्या त्वचेवर त्वचेला दाहक ठरणारे एक रसायन लावले. काही काळ जाऊ दिल्यावर तेच रसायन त्यांच्या कानाला लावले आणि कानाची जाडी किती वाढते ते मोजले. रूढ समजुतीनुसार ज्यांनी हे रसायन आधी अनुभवले आहे आणि ज्यांनी नाही, अशा दोन्ही प्रकारच्या उंदरांचे कान सारखेच वागायला हवे होते. प्रत्यक्षात पूर्वानुभव असलेल्यांचे कान लक्षणीय सुजले, आणि हा फरक किमान 4 आठवडे टिकून राहिला. एका रसायनाचा अनुभव घेतलेला उंदीर दुसऱ्या रसायनाला तशी प्रतिक्रिया देत नव्हता, म्हणजे ही केवळ सर्वसाधारण चिडचिड नव्हती. ज्या उंदरांमध्ये टी व बी पेशींबरोबर नैसर्गिक मारक पेशीही नव्हत्या, त्यांच्यात ही सूज आली नाही. शेवटी अनुभवी उंदराच्या यकृतातील नैसर्गिक मारक पेशी काढून त्या अननुभवी उंदराला दिल्या, तेव्हा त्या पेशींबरोबर ती स्मृतीही त्याच्याकडे गेली.

तीन वर्षांनी, 2009 मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथील जोसेफ सन आणि लुईस लॅनिअर यांच्या गटाने उंदरांच्या सायटोमेगॅलो विषाणूच्या बाबतीत याहून स्पष्ट चित्र दाखवले. या विषाणूचे एक विशिष्ट प्रथिन ओळखणारा ग्राही उंदरांच्या काही नैसर्गिक मारक पेशींवर असतो. संसर्गानंतर नेमक्या याच पेशी अनेक पटींनी वाढल्या, मग कमी झाल्या, आणि उरलेल्या पेशी कित्येक महिने शरीरात राहिल्या. त्या नवजात उंदरांना दिल्या असता, अननुभवी पेशींच्या मानाने कितीतरी कमी संख्येतही त्यांनी संरक्षण दिले. वाढ, घट, टिकाव आणि दुसऱ्या वेळचा जोरदार प्रतिसाद हे सर्व टप्पे टी पेशींच्या स्मृतीचेच आहेत.

तेव्हा पाठ्यपुस्तक खोटे नाही, पण त्याने आखलेली रेषा गरजेपेक्षा ठळक आहे. परीक्षेत मुख्य विधान पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहावे आणि नैसर्गिक मारक पेशींचा अपवाद एका वाक्यात नोंदवावा, असे मी सुचवीन. ज्याला विषय कळला आहे असा परीक्षक त्याचे गुण कापणार नाही.

प्रश्न : उंदरांचे ठीक आहे. माणसाच्या पेशींमध्ये अशी स्मृती असल्याचा पुरावा काय? माणसांवर असे प्रयोग तर करता येत नाहीत.

उत्तर : सर्व पत्रांमध्ये मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून त्याला अधिक जागा देत आहे.

माणसातील कथा याच घराण्यातील पण माणसालाच ग्रासणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूपासून सुरू होते. जगातील बहुसंख्य प्रौढांना त्याचा संसर्ग केव्हा ना केव्हा झालेला असतो. निरोगी व्यक्तीला तो सहसा जाणवतही नाही, आणि एकदा शिरलेला हा विषाणू शरीर कधीच सोडत नाही. 2004 मध्ये बार्सिलोना येथील मिगेल लोपेझ-बोतेत यांच्या गटाने दाखवले की ज्यांना हा संसर्ग होऊन गेला आहे, त्यांच्या रक्तात ‘एनकेजी2सी’ हा ग्राही धारण करणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींचे प्रमाण जास्त असते. काही व्यक्तींमध्ये तर नैसर्गिक मारक पेशींचा मोठा हिस्सा याच पेशींनी व्यापलेला असतो. पुढे बर्लिनमधील किआरा रोमान्यानी यांच्या गटाने 2018 मध्ये या ग्राहीला नेमके काय दिसते ते उलगडले. विषाणूच्या एका प्रथिनाचा छोटासा तुकडा संसर्गित पेशीच्या पृष्ठभागावर मांडला जातो, आणि विषाणूच्या वेगवेगळ्या वाणांमध्ये या तुकड्यात एखाद्याच अमिनो आम्लाचा फरक असला तरी एनकेजी2सी पेशींचा प्रतिसाद त्याप्रमाणे बदलतो. जन्मजात मानल्या गेलेल्या पेशीत इतकी बारीक पारख असेल, अशी अपेक्षा फारशी कोणी केली नव्हती.

या पेशींच्या आतही बदल झालेला असतो. नैसर्गिक मारक पेशी ज्या इंटरफेरॉन-गॅमाच्या जोरावर इतर पेशींना सावध करते, त्याच्या जनुकाजवळ एक नियामक भाग आहे. सामान्य नैसर्गिक मारक पेशीत त्या भागातील डीएनएवर मेथिल गट जडलेले असतात, त्यामुळे तो काहीसा मिटलेला राहतो. विषाणूचा अनुभव घेतलेल्या एनकेजी2सी पेशीत हे मेथिल गट बऱ्याच अंशी निघून गेलेले आढळतात, आणि ती संकेत मिळताच जास्त इंटरफेरॉन बनवते. उलट काही संदेशवाहक प्रथिनांची जनुके या पेशींमध्ये मेथिल गटांनी बंद झालेली असतात. जनुकांचा मजकूर तोच राहतो, पण कोणते जनुक उघडण्याच्या तयारीत आहे हे बदलते आणि पेशीचे विभाजन झाले तरी तो बदल पुढच्या पिढीत उतरतो. टी पेशींमध्ये स्मृतीचा पाया ग्राहीच्या निवडीबरोबरच याही यंत्रणेत असतो. येथे निवडीचा वाटा कमी आणि या यंत्रणेचा वाटा अधिक आहे, एवढाच फरक मला दिसतो.

आता आपला खरा आक्षेप. माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत, हे खरे आहे. पण वैद्यकीय उपचारांच्या ओघात काही परिस्थिती आपोआप निर्माण होतात आणि त्यांचा अभ्यास करता येतो. रक्ताच्या कर्करोगासाठी अस्थिमज्जेचे किंवा मूळपेशींचे प्रत्यारोपण केल्यावर रुग्णाच्या शरीरातील सुप्त सायटोमेगॅलो विषाणू अनेकदा पुन्हा डोके वर काढतो. 2012 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी असे दाखवले की ज्या दात्याला हा संसर्ग आधी झालेला होता, त्याच्याकडून आलेल्या एनकेजी2सी पेशी रुग्णाच्या शरीरात विषाणूला सामोऱ्या गेल्यावर वाढतात आणि अधिक सक्षमपणे काम करतात. उंदरात पेशी मुद्दाम हलवल्या होत्या. येथे उपचारासाठी हलवल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर आधीचा अनुभवही गेला.

आणखी एक पुरावा 2022 मध्ये पुढे आला आणि तो मला विशेष मोलाचा वाटतो. रक्तातील नैसर्गिक मारक पेशीचे आयुष्य साधारण काही आठवड्यांचे असते. मग वर्षानुवर्षे टिकणारी स्मृती ठेवतो कोण? याचे उत्तर शोधण्यासाठी रोमान्यानी यांच्या गटाने तंतुकणिकांच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांच्या, डीएनएमध्ये आपसूक होणाऱ्या लहानसहान बदलांचा उपयोग केला. एका पेशीत असा बदल झाला की तिच्या सर्व वंशजांमध्ये तो राहतो, आणि त्यावरून कोणत्या पेशी एकाच पूर्वज पेशीच्या आहेत हे ओळखता येते. या खुणांवरून दिसले की सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग असलेल्या व्यक्तींमध्ये अनुभवी नैसर्गिक मारक पेशी मोजक्या पूर्वजांपासून उपजलेल्या असतात, हे वंश दीर्घकाळ टिकतात आणि प्रत्येक वंशाची जनुके उघडी-बंद असण्याची आपली अशी ठेवण असते. म्हणजे एकेक पेशी अल्पायुषी असली तरी वंश चालू राहतो आणि अनुभव वंशात राहतो.

यावर घेता येण्यासारखा एक आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. सायटोमेगॅलो विषाणू शरीर सोडत नसल्याने या पेशींना अधूनमधून त्याचे दर्शन घडतच असते. मग त्या आठवणीमुळे सज्ज आहेत, की सततच्या संपर्कामुळे? कांजण्यांच्या विषाणूबाबतही हाच पेच आहे. 2019 मध्ये असे प्रसिद्ध झाले की लहानपणी कांजण्या येऊन गेलेल्या प्रौढांच्या त्वचेत त्या विषाणूचे प्रतिजन, म्हणजे प्रतिकारशक्ती ओळखते ते अंश, टोचल्यास अनेक दशकांनंतरही त्या जागी नैसर्गिक मारक पेशी गोळा होतात. निरीक्षण लक्षवेधी आहे, पण कांजण्यांचा विषाणूही मज्जातंतूंच्या गाठींमध्ये आयुष्यभर दडून राहतो. म्हणून माझे मत असे की माणसातील नैसर्गिक मारक पेशींमध्ये अनुभवाचा टिकाऊ आणि वंशपरंपरेने चालणारा ठसा सिद्ध झाला आहे. जंतू पूर्ण निघून गेल्यावरही तो टी पेशींइतका काळ टिकतो, असे म्हणण्याइतका पुरावा मात्र आज नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला आधी फक्त धुळीची ॲलर्जी होती. दोन-तीन वर्षांत परागकण, मांजराचे केस अशा इतर गोष्टींचाही त्रास सुरू झाला. गेल्या अंकात उल्लेख केलेल्या दुसऱ्या गटातील पेशींचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर : एका मुलाच्या बाबतीत असे निदान पत्रातून करता येणार नाही, आणि ॲलर्जीचा विस्तार होण्यामागे बी पेशी व त्यांची प्रतिपिंडे हे कारण अजूनही सर्वांत महत्त्वाचे आहे. तरीही आपला प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवतो.

दुसऱ्या गटातील आयएलसी या पेशी फुप्फुस, नाक, त्वचा अशा ठिकाणी ठाण मांडून असतात. त्यांना परागकण दिसत नाहीत आणि धूळही दिसत नाही. श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींना इजा झाली की त्या इंटरल्यूकिन-33 किंवा टीएसएलपी यांसारखे संदेश सोडतात, आणि ते मिळताच या आयएलसी इंटरल्यूकिन-5 व इंटरल्यूकिन-13 सोडून दाह, चिकट स्राव आणि श्वासनलिकांचे आकुंचन यांना चालना देतात. व्हँकुव्हरमधील फुमिओ ताकेई यांच्या गटाने 2016 मध्ये उंदरांवर असे दाखवले की एकदा ॲलर्जीकारक पदार्थाने किंवा नुसत्या इंटरल्यूकिन-33ने चेतवल्यावर दाह ओसरला तरी फुप्फुसातील काही आयएलसी मागे राहतात, आणि पुढे वेगळ्याच पदार्थाशी गाठ पडली तरी त्या पहिल्यापेक्षा जोरदार प्रतिसाद देतात. ही स्मृती पदार्थाची नसून चेतावणीची आहे. त्यामुळे एका ॲलर्जीने तयार केलेली जमीन दुसरीच्या कामी येऊ शकते, ही कल्पना मला पटण्यासारखी वाटते. उंदरांपुरता तिला आधारही आहे.

माणसात चित्र इतके स्वच्छ नाही. 2021 मध्ये नाकातील पॉलिप आणि दमा असलेल्या रुग्णांमध्ये या पेशींचा एक असा उपगट आढळला की ज्याच्या पृष्ठभागावर स्मृतिधारक टी पेशींवर असणारी ‘सीडी45आरओ’ ही खूण आहे आणि जो स्टिरॉइड औषधांना सहजी दबत नाही. खुणेवरून या पेशींना स्मृतिधारक म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा, कारण शांत अवस्थेतील पेशींना प्रयोगशाळेत चेतवले तरी त्यांच्यावर ही खूण उमटते. ती चेतलेल्या अवस्थेची निदर्शक आहे. त्या पेशी पुढे काय लक्षात ठेवतात, हे तिच्यावरून ठरत नाही.

उपचाराच्या दृष्टीने आपल्या उपयोगी पडेल अशी गोष्ट निराळी आहे. अस्तराकडून येणारा टीएसएलपी हा संदेशच अडवणारे टेझेपेलुमॅब हे औषध अमेरिकेत डिसेंबर 2021 मध्ये तीव्र दम्यासाठी मान्य झाले. ते केवळ आयएलसींवर काम करत नाही, पण त्यांना मिळणारी एक महत्त्वाची चेतावणी ते थांबवते. आपल्या मुलाला अशा औषधाची गरज आहे की नाही, हे त्याला तपासणारे डॉक्टरच सांगू शकतील. तोपर्यंत त्याची नेहमीची औषधे, विशेषतः श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड, आपल्या मनाने बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : या पेशींना ‘प्रशिक्षित’ करणारी चूर्णे आणि पेये बाजारात आहेत. त्यांचा उपयोग होतो का?

उत्तर : निरोगी माणसाच्या आयएलसींमध्ये आहारातील एखाद्या पदार्थाने टिकाऊ स्मृती निर्माण होते आणि त्यामुळे तो आजारी कमी पडतो, हे दाखवणारा भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात नाही. अशा जाहिरातींमध्ये आधार म्हणून ज्याचा दाखला दिला जातो, ते संशोधन वेगळे आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील जेम्स दी सांतो यांच्या गटाने 2022 मध्ये उंदरांच्या आतड्यातील तिसऱ्या गटातील आयएलसी प्रशिक्षित होतात असे दाखवले, पण त्यासाठी त्यांनी उंदरांना रोगकारक जिवाणूचा खराखुरा संसर्ग दिला आणि प्रतिजैविकाने तो आटोक्यात आणला. बीसीजी ही लस 1921 पासून वापरात आहे, आणि ती माणसाच्या रक्तातील जन्मजात पेशींची तयारी काही महिने वाढवते हेही दिसले आहे. असे असूनही आरोग्य कर्मचाऱ्यांवर घेतलेल्या मोठ्या चाचणीत बीसीजीमुळे कोविडचा धोका कमी झाला नाही, हे 2023 मध्ये स्पष्ट झाले. पेशीत बदल दिसणे आणि माणूस आजारापासून वाचणे यांत इतके अंतर असते. लसीचीही ही स्थिती असेल, तर चूर्णावर पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : कर्करोगाच्या उपचारात नैसर्गिक मारक पेशींना आधी ‘आठवण करून देऊन’ वापरतात असे ऐकले. हे कसे शक्य आहे?

उत्तर : येथे वर सांगितलेल्या दोन्ही प्रकारांहून निराळी वाट आहे. 2009 मध्ये सेंट लुईस येथील संशोधकांना उंदरांमध्ये असे आढळले की नैसर्गिक मारक पेशींना इंटरल्यूकिन-12, 15 आणि 18 यांच्या मिश्रणात काही तास ठेवले, मग ते काढून घेतले आणि पेशींना काही आठवडे शांत राहू दिले, तरी पुन्हा चेतवल्यावर त्या अधिक इंटरफेरॉन-गॅमा बनवतात. माणसाच्या पेशींतही असेच होते हे 2012 मध्ये दिसले. यात विषाणू नाही, प्रतिजन नाही. केवळ संदेशवाहक प्रथिनांच्या थोड्या काळाच्या संपर्काने पेशीचा स्वभाव बदलतो. 2016 मध्ये याच गटाने तीव्र मायलॉइड ल्युकेमिया उलटलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या रुग्णांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष दिले. अर्धवट जुळणाऱ्या नातेवाइकाकडून पेशी घेऊन त्या एका रात्रीत अशा प्रकारे तयार केल्या आणि रुग्णांना दिल्या. मूल्यमापन करता आलेल्या 9 रुग्णांपैकी 5 जणांमध्ये प्रतिसाद मिळाला आणि त्यांतील 4 जणांच्या कर्करोगाची चिन्हे पूर्णपणे नाहीशी झाली. ही संख्या फार लहान आहे आणि पहिल्या टप्प्याची चाचणी मुख्यतः सुरक्षिततेसाठी असते. शिवाय रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी सावरल्या की त्या परक्या पेशींना हुसकावून लावतात, त्यामुळे दिलेल्या पेशींना काम करण्यासाठी मर्यादितच अवधी मिळतो. तरीही ज्यांच्यासाठी इतर उपाय संपले होते, अशा रुग्णांमधील हा निकाल आहे, आणि म्हणूनच मी त्याकडे आशेने पाहतो.

प्रश्न : ज्यांच्या शरीरात या पेशीच नाहीत, त्यांचे काय होते?

उत्तर : नैसर्गिक मारक पेशींचा अभाव गंभीर ठरतो. 1989 मध्ये अशा एका किशोरवयीन मुलीची वैद्यकीय नोंद प्रसिद्ध झाली. तिला हर्पिस कुळातील विषाणूंचे एकापाठोपाठ एक तीव्र संसर्ग झाले होते, आणि त्यांत कांजण्या व सायटोमेगॅलो हे दोन्ही विषाणू होते. इतर आयएलसींचे मात्र तसे दिसत नाही. जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या काही मुलांना प्रत्यारोपणाने टी पेशी मिळाल्या, पण आयएलसी पुढे कित्येक वर्षे मिळाल्या नाहीत. 2016 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी अशा रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, आणि आयएलसी नसल्याशी थेट जोडता येईल असा विशेष आजार त्यांना आढळला नाही. टी पेशी जागेवर असतील तर आयएलसींचे काम त्या बऱ्याच अंशी निभावून नेतात, असा अर्थ त्यांनी लावला. या रुग्णांची देखभाल आधुनिक रुग्णालयांच्या निगराणीत, स्वच्छ परिस्थितीत आणि प्रतिजैविकांच्या आधाराने होते, हे लक्षात घेतले तर तो निष्कर्ष त्या परिस्थितीपुरता समजावा. जंतांचा आणि आतड्यातील संसर्गांचा सतत सामना करावा लागणाऱ्या शरीरात आयएलसींवाचून तसेच निभावेल, असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही.